१०४, १०८ की ११२? हेल्पलाइन ‘इमर्जन्सी आहे’ म्हणते तेव्हा पुढे नक्की काय होतं

फोनवर आरोग्य सल्ला देणाऱ्या लाइनने तुम्हाला सांगितलं, ‘ही इमर्जन्सी आहे, लगेच हॉस्पिटलला जा.’ मग ॲम्ब्युलन्स निघालेली असते का?

माझी समजूत होती की असते. ती चुकीची निघाली, आणि त्यात आमची वीस मिनिटं गेली.

घाटकोपर पश्चिम, रात्रीचे सव्वाअकरा. बाबांना जेवणानंतर छातीत जडपणा वाटत होता आणि जबडा दुखत होता. ‘ॲसिडिटी आहे रे’ म्हणून त्यांनी ईनो घेतलं. दहा मिनिटांनी बनियन घामाने भिजला. माझ्या हेल्थ इन्शुरन्सच्या कार्डावर चोवीस तास सल्ला देणाऱ्या लाइनचा नंबर होता, तो लावला. पलीकडच्या ताईंनी सहा-सात प्रश्न अगदी नीट विचारले, पत्ता लिहून घेतला आणि म्हणाल्या, ‘सर, ही इमर्जन्सी वाटते. पेशंटला ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं.’ फोन बंद झाला, रेफरन्स नंबरचा एसएमएस आला. पत्ता घेतलाय म्हणजे गाडी येणार, असं धरून मी खाली गेटवर जाऊन उभा राहिलो. शेवटी आईने वरून विचारलं, ‘अरे, पण गाडी पाठवतंय कोण?’

कोणीच पाठवत नव्हतं. शेजारच्या काकांनी कार काढली. बाबांची एक रक्तवाहिनी बंद होती, त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. आज ते सकाळी स्वतः भाजी आणायला जातात. पण कॉल रूटिंगचं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, तरी मला ‘सल्ला’ आणि ‘गाडी’ यांच्यातली फट माहीत नव्हती, हे डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख.

थोडक्यात

रेफरल म्हणजे ‘तुम्ही तिकडे जा’ हा सल्ला. डिस्पॅच म्हणजे ‘आम्ही गाडी पाठवली’ ही कृती. दोन्ही कामं एकाच फोनवर होतीलच असं नाही. सल्ला देणाऱ्या लाइनने इमर्जन्सी म्हटलं की फोन ठेवण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘गाडी तुम्ही पाठवताय की मी १०८ लावू?’ उत्तर स्पष्ट ‘आम्ही पाठवतोय’ नसेल, तर पुढचा कॉल तुमचा.

कोणता नंबर कशासाठी?

१०८: ॲम्ब्युलन्ससाठी. महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ ‘ॲडव्हान्स लाइफ सपोर्ट’ म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ ‘बेसिक लाइफ सपोर्ट’च्या. आपल्याकडच्या १०८ च्या रचनेत गाडीवर डॉक्टरही असतो. कंट्रोल सेंटर पुण्यात आहे, म्हणजे अंधेरीतून लावलेला कॉलही पुण्यात उचलला जातो. मुंबईच्या चिंचोळ्या गल्ल्यांसाठी ऑगस्ट २०१७ मध्ये बाइक ॲम्ब्युलन्सही सुरू झाल्या.

११२: पोलिस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत यांसाठी देशभरातला एक नंबर. महाराष्ट्रात याची केंद्रं नवी मुंबई आणि नागपूरला आहेत. अपघात, मारामारी, आग अशा, पोलिसही लागतील त्या प्रसंगी हा नंबर सोयीचा.

१०४: राज्याच्या आरोग्य विभागाची सल्ला आणि माहितीची लाइन. ‘ताप आलाय, काय करू?’ हा प्रश्न इथला. ‘श्वास घेता येत नाही’ हा प्रश्न इथला नाही.

१०२: मुख्यतः गरोदर महिला आणि नवजात बाळांना सरकारी दवाखान्यात ने-आण करण्यासाठी.

१४४१६: टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठी. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर बोलायला हा नंबर लावा. मात्र कोणी औषधं किंवा विष घेतलं असेल, स्वतःला इजा केली असेल, तर आधी १०८.

१८०० ने सुरू होणारे किंवा दहा आकडी नंबर: इन्शुरन्स कंपन्या, हॉस्पिटलं, औषधांची आणि डॉक्टरांची ॲप्स. यातल्या काहींकडे स्वतःची ॲम्ब्युलन्स असते, काहींकडे फक्त सल्ला देणारी माणसं. नंबरकडे बघून फरक कळत नाही. म्हणून तो एक प्रश्न.

कॉलच्या आत काय चालतं?

सल्ला देणारी व्यक्ती आठवेल तसे प्रश्न विचारत नसते. तिच्यासमोर स्क्रीनवर प्रश्नांचं झाड असतं. कोडिंग शिकला असाल तर इफ-एल्सची लांबलचक साखळी डोळ्यासमोर आणा. अमेरिकेतल्या नर्स लाइनवर श्मिट आणि थॉम्पसन या दोन डॉक्टरांचे प्रोटोकॉल वर्षानुवर्षं वापरात आहेत. इंग्लंडच्या १११ लाइनवर ‘एनएचएस पाथवेज’ नावाचं सॉफ्टवेअर चालतं.

झाडाची रचना साधारण सगळीकडे सारखी असते. सगळ्यात आधी जीवघेण्या गोष्टी: माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, खूप रक्त जातंय का. एकालाही वाईट उत्तर आलं की पुढचे प्रश्न रद्द. मग मुख्य तक्रारीची फांदी, छातीत दुखणं, ताप, पोटदुखी वगैरे. प्रत्येक फांदीवर धोक्याच्या खुणा आधी आणि साध्या गोष्टी नंतर. शेवटी कॉल कुठल्या तरी एका खान्यात पडतो: आत्ता ॲम्ब्युलन्स, तासाभरात हॉस्पिटल, एक-दोन दिवसांत डॉक्टर, किंवा घरीच काळजी.

लक्षात घ्या, हे झाड तुमचा आजार ओळखत नाही. ‘हार्ट अटॅक आहे का?’ हा त्याचा प्रश्नच नाही. त्याचा प्रश्न आहे, ‘हा माणूस किती वेळ थांबू शकतो?’

आणि हे झाड मुद्दाम एका बाजूला झुकवलेलं असतं. सॉफ्टवेअर दोन प्रकारे चुकू शकतं. ॲसिडिटीच्या माणसाला हॉस्पिटलला पाठवलं, तर एक रात्र आणि थोडे पैसे गेले. हार्ट अटॅकच्या माणसाला ‘घरी आराम करा’ सांगितलं, तर माणूस गेला. दुसरी चूक टाळायची म्हणून पहिली चूक जास्त वेळा होऊ दिली जाते. त्यामुळे ‘हे लोक सगळ्यांनाच हॉस्पिटलला जा सांगतात’ असं आपल्याकडे म्हटलं जातं. ते काही अंशी खरंही आहे. पण आपण कुठल्या गटात आहोत हे फोनवर बसून ना त्यांना कळतं ना आपल्याला. त्यासाठी ईसीजी लागतो, आणि ईसीजी हॉस्पिटलमध्ये आहे.

अजून एक. झाड तुमच्या उत्तरांवर चालतं. ‘थोडंसं दुखतंय’ असं म्हटलं की फांदी बदलते. बाबा मागून ओरडत होते, ‘सांग त्यांना, काही विशेष नाही.’ मी ऐकलं नाही, एवढं एक बरोबर केलं. घाम, जबडा, किती वाजल्यापासून, हे जसं आहे तसं सांगा. पेशंट बोलू शकत असेल तर फोन स्पीकरवर ठेवा, म्हणजे त्याचा श्वास आणि आवाज पलीकडे ऐकू जातो.

मग फट पडते कुठे?

पहिलं कारण टेलिकॉमचं आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. १०८ देशात बऱ्याच ठिकाणी दिसतो, पण तो एक फोन नंबर नाही, शॉर्ट कोड आहे. तुमचा फोन ज्या भागातल्या टॉवरला जोडलेला असतो, तिथलं नेटवर्क तो कॉल त्या राज्याच्या केंद्राकडे वळवतं. आता समजा तुम्ही मुलुंडमधून १८०० वाली लाइन लावली आणि ती दुसऱ्या राज्यातल्या कॉल सेंटरमध्ये उचलली गेली. तिथल्या माणसाने तुमच्यासाठी १०८ फिरवला, तर त्याला त्याच्या राज्याचं केंद्र मिळेल. इच्छा असूनही तो तुमची गाडी सहज बोलावू शकत नाही.

हाच नियम घरच्यांनाही लागू. आई-वडील बोरिवलीत आणि तुम्ही बंगळुरूत असाल, तर तिथून लावलेला १०८ कर्नाटकात जाईल. अमेरिकेतून तर तो लागणारच नाही. अशा वेळी शेजारी, सोसायटीचा वॉचमन किंवा जवळचा नातेवाईक यांना फोन करा आणि त्यांना १०८ लावायला सांगा. व्हॉट्सॲप कॉलवरूनही शॉर्ट कोड लागत नाही, साधा कॉलच हवा.

दुसरं कारण लोकेशनचं. १८०० च्या कॉलबरोबर पलीकडे फक्त तुमचा नंबर जातो, तुम्ही कुठे आहात ते जात नाही. सिमचा पत्ता साताऱ्याचा असू शकतो. आपत्कालीन कॉल लागताच लोकेशन आपोआप पाठवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून आणि आयफोनमध्ये २०१८ पासून आहे. पण ती चालायला समोरच्या केंद्रानेही तशी यंत्रणा उभारलेली असावी लागते, आणि सल्ल्याच्या साध्या लाइनवर ती चालत नाही. शिवाय जीपीएस इमारत दाखवेल, मजला नाही. दाट वस्तीत तर शेजारची इमारतही दाखवू शकतो. उपनगरात ‘साईकृपा’ नावाच्या सोसायट्या किती असतील, विचार करा.

तिसरं कारण भूमिकेचं. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात इमर्जन्सीबद्दल स्पष्ट म्हटलंय की दूरवरून सल्ला देताना प्रथमोपचार, जीव वाचवण्यासाठीच्या सूचना, समुपदेशन आणि रेफरल एवढंच करावं, आणि पेशंटला लवकरात लवकर प्रत्यक्ष डॉक्टरकडे जायला सांगावं. म्हणजे त्या ताईंनी ‘हॉस्पिटलला न्या’ सांगितलं, ते नियमाला धरूनच होतं. ‘गाडी तुम्हालाच बोलवायची आहे’ हे वाक्य मात्र राहून गेलं. आणि मीही विचारलं नाही.

ही फट बुजवता येते का?

येते. इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये ‘एनएचएस डायरेक्ट’ ही नर्सची सल्ला लाइन सुरू झाली. तिच्या जागी २०१४ पर्यंत १११ आली. १११ वर प्रश्नांचं झाड ‘ॲम्ब्युलन्स’ या खान्यात थांबलं, तर कॉल घेणाऱ्याच्या स्क्रीनवरूनच ती विनंती ॲम्ब्युलन्स सेवेकडे जाते. पेशंटने पुन्हा ९९९ लावायची गरज नसते, सगळी कहाणी पुन्हा सांगावी लागत नाही. तातडी कमी वाटणाऱ्या केसेस आधी एखादा नर्स किंवा डॉक्टर पुन्हा तपासतो, कारण झाडाने जास्तच गाड्या मागवल्या तर खरी गरज असलेला माणूस ताटकळतो.

आपल्याकडेही असं घडलंय, तेही आपल्याच उपनगरांत. कोविडच्या पहिल्या लाटेत मुंबईकर बेडसाठी १९१६ या महापालिकेच्या एकाच हेल्पलाइनवर तुटून पडले होते. जून २०२० मध्ये महापालिकेने २४ वॉर्डांत वॉररूम सुरू केल्या. अंधेरीसाठी के-पूर्व आणि के-पश्चिम, बोरिवलीसाठी आर-मध्य, मुलुंडसाठी टी, घाटकोपरसाठी एन. फोन उचलणारे, लक्षणं विचारणारे डॉक्टर, बेडची माहिती आणि ॲम्ब्युलन्स हे सगळं वॉर्डाच्या पातळीवर एकत्र आलं. फोन घेणाऱ्याला गल्ली माहीत होती, आणि ‘बेड बघा’ असा सल्ला देऊन फोन ठेवण्याऐवजी बेड ठरवून गाडी पाठवणं हे त्याचंच काम होतं. इंजिनिअरच्या भाषेत, विनंती पाठवून विसरून जायचं नाही, पोहोच मिळेपर्यंत ती उघडी ठेवायची.

प्रत्यक्ष वेळ आली तर: क्रमाने

१. या खुणा दिसल्या तर सल्ल्याची लाइन लावूच नका, थेट १०८. छातीत दाब किंवा जडपणा, सोबत घाम, किंवा दुखणं हात-जबड्याकडे जाणं. चेहरा एका बाजूला वाकडा होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं. श्वास घेताना वाक्य पूर्ण न करता येणं. बेशुद्धी, न थांबणारी फिट, न थांबणारा रक्तस्राव, विषबाधा, सर्पदंश, गरोदरपणात रक्त जाणं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि स्कॅनचा वेळही त्यातच धरायचा.

२. आधी पत्ता, मग लक्षणं. कॉल मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते. पत्ता या क्रमाने सांगा: उपनगर आणि पूर्व की पश्चिम, रस्ता, ठळक खूण, सोसायटी आणि विंग, मजला. ‘अंधेरी’ एवढंच सांगून पूर्व-पश्चिम राहिलं, तर गाडी रुळांच्या पलीकडे जाऊ शकते.

३. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का ते सांगा. लिफ्ट नसेल, चाळीचा अरुंद जिना असेल, गल्लीत गाडी शिरत नसेल, तर तेही.

४. विचारा: गाडी निघाली का, कुठून, किती वेळ लागेल? फार वेळ लागणार असेल, तर थांबावं की आपल्या गाडीने निघावं हे त्यांनाच विचारा. पेशंटला मात्र स्वतः गाडी किंवा बाइक चालवू देऊ नका.

५. ‘ठेवा’ म्हटल्याशिवाय फोन ठेवू नका. माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर स्पीकर चालू करून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्या. म्हणजे सेकंदाला जवळपास दोनदा.

६. एका माणसाला खाली गेटवर उभं करा, दुसऱ्याने पेशंटजवळ थांबायचं. जुने रिपोर्ट, चालू औषधांची पट्टी आणि आधार कार्ड एका पिशवीत.

फोनमध्ये आजच करून ठेवा

*अनोळखी कॉल.* ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर रस्ता विचारायला अनोळखी नंबरवरून फोन करू शकतो. ‘अनोळखी कॉलर शांत करा’ ही सेटिंग किंवा स्पॅम अडवणारं ॲप चालू असेल, तर तो कॉल वाजणारच नाही. १०८ लावल्यानंतर हे बंद करा. आई-बाबांच्या फोनवर तर कायमच बंद ठेवा.

*लॉक स्क्रीनवरची माहिती.* अँड्रॉइडमध्ये ‘इमर्जन्सी इन्फर्मेशन’, आयफोनमध्ये ‘मेडिकल आयडी’. रक्तगट, ॲलर्जी, आजार, चालू औषधं आणि दोन नंबर भरा. फोन लॉक असतानाही ते वाचता येतं.

*पॉवर बटण.* भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटणाची सोय २०१७ पासून सक्तीची आहे. मॉडेलप्रमाणे बटण तीन किंवा पाच वेळा दाबावं लागतं. तुमच्या फोनमध्ये किती, ते सेटिंगमध्ये बघा. उगाच दाबून पाहू नका, खरा कॉल लागतो.

*जवळची कॅज्युअल्टी.* घाटकोपरला राजावाडी, जुहू-विलेपार्ल्याला कूपर, कांदिवलीला शताब्दी, जोगेश्वरीला ट्रॉमा केअर ही महापालिकेची मोठी हॉस्पिटलं. खासगीही आसपास असतील. शांत वेळी फोन करून विचारा: रात्री अँजिओप्लास्टी होते का, सीटी स्कॅन चालू असतो का? उत्तर घराच्या ग्रुपमध्ये पिन करा.

हॉस्पिटलने आधी पैसे मागितले तर?

सुप्रीम कोर्टाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, हॉस्पिटल सरकारी असो वा खासगी, आणि कागदोपत्री सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत. म्हणून इन्शुरन्सची मंजुरी येईपर्यंत घरी थांबू नका. मंजुरीचं काम पेशंट आत गेल्यावर बाहेर बसून करता येतं.

सल्ल्याच्या लाइन वाईट नाहीत. रात्री दोन वाजता बाळाला ताप आला की त्यांचा खरोखर आधार वाटतो. त्या ताईंनी नीट प्रश्न विचारले नसते, तर बाबा ॲसिडिटी समजून झोपले असते. फक्त त्यांचं काम कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, ते फोन ठेवण्याआधी विचारून घ्या. आमच्या फ्रिजवर आता आईने कागद चिकटवलाय. वर मोठ्या अक्षरात १०८, खाली विंगसकट पत्ता, आणि त्याखाली तिचंच वाक्य: ‘गाडी पाठवतंय कोण?’